टॅबलेट की लॅपटॉप : दवाखान्याच्या मेजावरील एक प्रश्न

'टॅबलेट' हा शब्द आपल्या व्यवसायात वर्षानुवर्षे एकाच अर्थाने रूढ होता. वटी म्हटलेले रुग्णास समजले नाही तर आपण 'टॅबलेट' म्हणतो आणि त्याचे समाधान होते. आता मात्र संघटनेच्या कोणत्याही सभेला जावे तर 'टॅबलेट घेतला का?' हा प्रश्न वेगळ्याच अर्थाने कानी पडतो. नुकतेच नोंदणी करून व्यवसायात उतरलेले तरुण वैद्य आम्हांस विचारतात की, दवाखान्याच्या कामासाठी लॅपटॉप घ्यावा की त्याऐवजी टॅबलेटवर भागवावे? औषधालयांचे मालकही हाच प्रश्न विचारू लागले आहेत. गेली सहा वर्षे आम्ही ही दोन्ही साधने वापरत आहोत. त्या अनुभवावरून बनलेले आमचे मत व्यवसायबंधू आणि भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही २००६ साली दवाखाना सुरू केला, तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. मेजावरचा संगणक आणि त्याच्या खाली ठेवलेली बॅटरी यांनी निम्मी खोली व्यापलेली असे आणि वीज गेली की पाऊण तासाने सारे ठप्प होई. पुढे लॅपटॉप आला आणि ती अडचण दूर झाली. २०१० साली ॲपल कंपनीचा आयपॅड बाजारात आला. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' हा स्वस्त टॅबलेट आणला, तेव्हा त्याची चर्चा गावोगावी झाली. तरीही ही वस्तू चित्रे पाहण्यापुरती आहे, असेच आमच्यासारख्यांना वाटत होते. सोबत जोडता येणारा कळफलक आणि पडद्यावर लिहिण्याचे पेन आल्यावर मात्र टॅबलेट हा कार्यालयीन कामाचाही दावेदार झाला.

प्रथम त्याच्या गुणांविषयी. आमच्याकडे येणाऱ्या एका वयस्क आजींनी एकदा आम्हांस निरुत्तर केले होते. त्या बोलत होत्या आणि आम्ही लॅपटॉपवर त्यांची लक्षणे टंकलिखित करीत होतो. त्या मध्येच थांबल्या. आम्ही मान वर केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं त्या पेटीशी बोलणं होऊ द्या, मी थांबते." त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या परीक्षांवर ज्या शास्त्राची उभारणी झाली आहे, त्या शास्त्राचा वैद्य रुग्णाचा चेहरा न पाहता पडद्याची उभी भिंत पाहत बसला, तर परीक्षा कसली?

टॅबलेट मेजावर आडवा ठेवता येतो. रुग्ण आणि वैद्य यांच्यामध्ये काहीही उभे राहत नाही. नाडी पाहून झाल्यावर दोन शब्द लिहावेत आणि पुन्हा रुग्णाकडे पाहावे, हे कागदी केसपेपरावर जसे होत असे तसेच येथे होते. वीज नसली तरी दिवसभराचे काम बहुधा निभावते. पंचकर्म कक्षात किंवा अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या घरी तो सहज नेता येतो. पथ्यापथ्याचा तक्ता रुग्णाच्या हाती देऊन त्यास वाचून दाखवता येतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय भारतीय आयुर्विज्ञान संपदा संस्थेने संहिता आणि निघंटू संगणकावर उपलब्ध करून दिले आहेत. एखाद्या द्रव्याविषयी शंका आली, तर रुग्ण समोर असतानाच ती ताडून पाहता येते. २०१७ साली गूगलने मराठीतून बोलून लिहिण्याची सोय आणली, त्यामुळे टंकलेखन न येणाऱ्या वैद्यांचीही मोठी अडचण सरली. येथवर सारे ठीक आहे आणि याबाबत टॅबलेटचे कौतुक करण्यात आम्ही हात आखडता घेणार नाही.

परंतु लॅपटॉप कपाटात ठेवून सगळेच काम टॅबलेटवर करावे, असे आम्ही काही महिने करून पाहिले आणि त्या काळात घडलेल्या दोन गोष्टी प्रांजळपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट औषधयोजनेची. प्रमेहाच्या एका रुग्णेस आम्ही चंद्रप्रभा द्यावयाची ठरविली. टॅबलेटवर औषधांची यादी उघडली. त्यात चंद्रकला रस, चंद्रप्रभा वटी आणि चंद्रामृत रस ही नावे एकाखाली एक होती. बोटाने नाव निवडले, मात्रा लिहिली, अनुपान लिहिले आणि चिठ्ठी औषधालयाकडे गेली. तेथे काम पाहणारे काका आमच्याहून वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. ते चिठ्ठी घेऊन आत आले आणि म्हणाले, "डॉक्टर, या ताईंना खोकला तर दिसत नाही. मग चंद्रामृत कशासाठी?" आमचे बोट एक ओळ खाली पडले होते. चंद्रामृत हा पारदयुक्त रसकल्प आहे. काका नसते, तर ज्या औषधाचे काही कारण नाही असा रसकल्प ती रुग्णा महिनाभर घेत राहिली असती आणि जे हवे होते ते तिला मिळालेच नसते. पारदाचा समावेश औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये आहे आणि अशा द्रव्यांनी युक्त कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. ज्याच्या देखरेखीवर कायद्याने विश्वास ठेवला, त्याचेच बोट चुकावे, याची लाज आम्हांस वाटली.

चूक लॅपटॉपवर होत नाही असे नाही. पण कळफलकावर नावाची अक्षरे एकेक करून लिहावी लागतात, त्या वेळी मन त्या नावावर असते. स्पर्शाने निवडताना बोट स्वतःच नाव झाकते आणि खाली काय निवडले गेले ते बोट उचलल्यावर दिसते. गर्दीच्या वेळी ते पाहण्याचे राहून जाते.

दुसरी गोष्ट नोंदींची. पेनने लिहिण्याची सोय मिळाली, तेव्हा आम्ही फार आनंदलो होतो. प्रकृती, अग्नी, कोष्ठ, नाडीची गती, जिव्हेची अवस्था हे सारे आम्ही आपल्या हस्ताक्षरात, हवे तेथे आकृती काढून लिहू लागलो. सुमारे तीन वर्षांनी आमवाताच्या रुग्णांचा आढावा घेऊन एका परिसंवादासाठी निबंध लिहावा असे मनात आले. ज्यांना सिंहनाद गुग्गुळ दिला त्यांच्यात सामावस्था किती दिवसांनी कमी झाली, एवढेच पाहावयाचे होते. आम्ही 'आमवात' हा शब्द शोधला आणि हाती काहीही आले नाही. आमचे हस्ताक्षर त्या यंत्राच्या लेखी केवळ चित्र होते. शेकडो पाने एकेक करून उलटण्यास वेळ नव्हता. परिसंवादाची मुदत टळली आणि निबंध लिहावयाचा राहिला.

ही आमच्या एकट्याची हानी म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. आयुर्वेदापाशी नोंदी नाहीत, हा आक्षेप आपण सर्वांनी ऐकला आहे आणि त्याने आपण दुखावलोही आहोत. २०१७ साली आयुष मंत्रालयाने व्याधींच्या संज्ञांना सांकेतांक देणारे 'नमस्ते' हे संकेतस्थळ सुरू केले. १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला आणि आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांना त्यात स्थान मिळाले. दार उघडले आहे. परंतु ज्यांच्या नोंदी चित्ररूपाने टॅबलेटमध्ये बंद आहेत, ते या दारातून आत काय घेऊन जाणार? गावोगावच्या चिकित्सालयांत रोज जो अनुभव जमा होतो, तो वैद्याबरोबरच संपून जावा हे कोणासही रुचणार नाही.

औषधालयांच्या मालकांसाठी प्रश्न थोडा निराळा आहे. चूर्ण, गुग्गुळ आणि आसव-अरिष्ट यांच्या वापराच्या मुदती वेगवेगळ्या आहेत. बॅच क्रमांक, निर्मितीचा दिनांक आणि मुदत यांची नोंद रोज ठेवावी लागते. हे तक्त्याचे काम आहे आणि तक्त्याला रुंद पडदा व खरा कळफलक लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रुग्णांच्या दृष्टीने ती आनंदाची वार्ता होती, परंतु त्या आठवड्यात औषधालयांची काय धावपळ झाली ते आपण जाणताच. आमच्याकडे सुमारे चारशे वस्तूंचे दर बदलावयाचे होते. टॅबलेटवर एकेक वस्तू उघडून दर बदलण्यास आम्ही सुरुवात केली आणि तासाभरात तीसही झाल्या नाहीत. शेवटी कपाटातला लॅपटॉप काढला. तेथे सारे एका तक्त्यात उघडले आणि त्याच संध्याकाळी काम संपले. ज्यांचे हिशेब टॅलीत आहेत, ज्यांनी एक्सेलमध्ये मॅक्रो करून घेतले आहेत किंवा ज्यांच्या संस्थेला विवरणपत्रावर डिजिटल स्वाक्षरी करावी लागते, त्यांना लॅपटॉपवाचून सुटका नाही. जुने डॉट मॅट्रिक्स मुद्रक आणि टॅबलेट यांचेही सहसा जमत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात लिहून ठेवलेली रुग्णपत्रके आणि लेख टॅबलेटवर उघडले तर अगम्य अक्षरे दिसतात, ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात.

आणखी एका बाबीकडे लक्ष वेधणे भाग आहे. टॅबलेट हलका आहे, म्हणून तो घरी जातो. घरी गेला की मुलांच्या हाती जातो. ज्या यंत्रावर एखाद्या भगिनीच्या वंध्यत्वाची किंवा एखाद्या तरुणाच्या व्यसनाची नोंद आहे, त्याच यंत्रावर सायंकाळी खेळ चालतात! रुग्णाने विश्वासाने सांगितलेले गुप्त राखणे हा तर वैद्याचा जुनाच धर्म आहे. आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने त्यास कायद्याचेही रूप दिले आहे. दवाखान्याचा टॅबलेट दवाखान्यातच राहावा, त्यास कुलूप-शब्द असावा आणि नोंदींची दुसरी प्रत रोज अन्यत्र सुरक्षित ठेवली जावी, एवढे तरी आपण पाळलेच पाहिजे.

मग आमचे मत काय? रुग्णाच्या खोलीत टॅबलेट असावा आणि औषधालयाच्या मेजावर लॅपटॉप. दोहोंपैकी एकच घेणे परवडत असेल, तर लॅपटॉप घ्यावा आणि रुग्णासमोर पूर्वीप्रमाणे कागद वापरावा, संध्याकाळी त्यातील मुख्य नोंदी लॅपटॉपवर उतरवाव्यात. टॅबलेट स्वस्त पडतो असे काही बंधू म्हणतात. पण चांगला टॅबलेट, त्याचा कळफलक आणि पेन या तिन्हींची किंमत एकत्र करून पाहावी, मग साध्या लॅपटॉपशी तुलना करावी. 'नव्या पिढीला बोटानेच लिहिता येते, तुमची सवय जुनी' असेही आम्हांस ऐकविले जाते. सवयीचा भाग आम्ही मान्य करतो, परंतु चंद्रप्रभा आणि चंद्रामृत यांतील अंतर सवयीने वाढत नाही.

आम्ही स्वतःपुरते तीन नियम घातले आहेत. औषधाचे नाव यादीतून न निवडता पूर्ण लिहावयाचे आणि चिठ्ठी पाठविण्यापूर्वी ते रुग्णासमोर मोठ्याने वाचावयाचे. रुग्णाचे वय, व्याधिनिदान, अग्नी, दिलेले कल्प आणि पुढील भेटीतील फरक या पाच गोष्टी अक्षरांत टंकलिखित करावयाच्या, बाकी सारे खुशाल पेनने लिहावे. आणि औषध देणाऱ्यास शंका विचारण्याची पूर्ण मोकळीक द्यावयाची. या तिसऱ्या नियमाची किंमत आम्हांस काकांनी शिकविली. चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थात्याला स्थान आहे, ते उगाच नव्हे.

सुश्रुताचार्यांनी १०१ यंत्रे सांगितली आणि त्या सर्वांत हातास प्रधान मानले, कारण हाताशिवाय इतर यंत्रे चालत नाहीत. लॅपटॉप असो की टॅबलेट, तो या यंत्रांच्या मालिकेतील आणखी एक आहे. हात रुग्णाच्या नाडीवर आणि लक्ष लिहिलेल्या नावावर राहील अशा रीतीने त्याची निवड करावी. ज्या बंधू-भगिनींचा अनुभव आमच्याहून वेगळा असेल, त्यांनी तो याच पृष्ठांवर अवश्य कळवावा. विशेषतः स्वतःकडून झालेल्या चुका कळवाव्यात, कारण इतरांना त्यांचाच उपयोग अधिक होतो.