जरा टोचून बोलतो

आपली कंबर दुखते ही गोष्ट माणसाने शक्यतो कोणाला सांगू नये. घरी सांगितली की शेजारी कळते, शेजारी कळली की बँकेत कळते, आणि बँकेत कळली की खातेदार पैसे काढायचे सोडून आधी उपाय सांगतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे उपायांना तोटा नाही. कोणी बिब्बा घालायला सांगतो, कोणी मोहाच्या बियांचे तेल चोळायला सांगतो, कोणी तापलेली वीट फडक्यात गुंडाळून देतो. उसण भरली तर पायाळू माणसाची लाथ, हा तर महाराष्ट्रभर मान्यता पावलेला उपचार. आमच्या एका शाखेत पायाळू शिपाई होता. त्याची लाथ खायला मॅनेजरसुद्धा रांगेत उभे राहत, आणि त्या काळात त्या शाखेतले कामगार-व्यवस्थापन संबंध फार सलोख्याचे होते.

अलीकडे मात्र या सगळ्यांना मागे सारून सुई पुढे आली आहे. अ‍ॅक्युपंक्चर! कंबर धरून चालणारा दिसला की लोक आता 'बिब्बा घातला का?' असे न विचारता 'सुया घेतल्या का?' असे विचारतात. आणि लगेच दोन तट पडतात. एकीकडे सुईचे भक्त, दुसरीकडे सुईचे वैरी. दोघांनाही चार शब्द सुनवावेत असे बरेच दिवस मनात आहे.

आधी भक्त. भक्ताचे पहिले वाक्य, "अहो, पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे हे." दुसरे वाक्य, "आणि ते इकडे आणलं कोणी? आपल्या कोटणीसांनी!" दुसऱ्या वाक्याने मराठी ऊर भरून येतो, त्यामुळे ते खोडायचे जिवावर येते. पण खात्यात चुकीची नोंद दिसली की ती दुरुस्त करायची आमच्या हाताला खोड आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्या हातात सुरी होती, सुई नव्हे. (त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला नाही, म्हणून ते विदर्भालाही आठवत नाहीत. हा अनुशेष अजून कोणत्याही समितीने मोजलेला नाही.) सुई शिकले ते त्याच पथकातले डॉ. बसू, तेही १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला जाऊन. आणि त्यांनी ती आणली कलकत्त्याला.

राहिली पाच हजार वर्षे. १८२२ साली खुद्द चीनच्या बादशहाने राजवैद्यांच्या विद्यालयातून या विद्येची हकालपट्टी केली होती. तिला मानाने परत बोलावले ते माओच्या राजवटीने. आणि जुने असणे हाच पुरावा असेल, तर पायाळूची लाथ काय काल निघाली? अंगभर टोचून घेऊन उत्तरायणापर्यंत पडून राहिलेला भीष्माचार्यांएवढा चिकाटीचा रोगी दुसरा नाही. पण "आता बरंच हलकं वाटतंय" असे ते म्हणाल्याचे व्यासांनी कुठे लिहिलेले नाही.

आता वैरी. हे बहुधा सुशिक्षित असतात आणि 'थोतांड' या एका शब्दात विषय मिटवतात. ठीक आहे, पण यांच्याजवळ कंबरेसाठी काय आहे? एक एक्स-रे, सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी आणि 'वाकू नका'. डॉक्टरांपुढच्या स्टुलावर टेकल्यापासून उठेपर्यंत दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांसाठी बाहेरच्या बाकावर दीड तास बसावे लागते, त्याने जी कंबर दुखते तिचा केसपेपर वेगळा.

जर्मनांनी हा हिशेब एकदा नीट मांडला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रोगी होते. त्यांचे तीन वाटे केले. एकाला शास्त्रोक्त जागी सुया. दुसऱ्याला भलत्याच जागी, त्याही वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला नेहमीची औषधे, फिजिओथेरपी आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिले तर पहिल्या वाट्यात ४७.६ टक्के लोकांना उतार पडलेला, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४. या ताळेबंदावर भक्त नाचतात, कारण सुईने गोळीला हरवले. वैरीही नाचतात, कारण खऱ्या सुईला खोट्या सुईने जवळजवळ गाठले. ज्याने त्याने आपल्या सोयीचा रकाना वाचायचा. ब्रिटनमध्ये सरकारला सल्ला देणाऱ्या संस्थेने २००९ साली कंबरेला सुया द्या म्हटले, २०१६ साली देऊ नका म्हटले. २०१७ साली अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने पुन्हा द्या म्हटले. आमच्याकडे हेड ऑफिसची सर्क्युलरे अशीच येतात, त्यामुळे मला काही धक्का बसला नाही.

मला विचाराल तर गोम आहे ती पहिल्या दोन रकान्यांत. खऱ्या सुईवाल्यांना आणि खोट्या सुईवाल्यांना सारखे काय मिळाले? अर्धा तास स्वस्थ आडवे पडायला मिळाले. तेही एकदा नव्हे, दहा-पंधरा वेळा. कोणीतरी पाठीवर हात ठेवून 'इथे का? की जरा खाली?' असे विचारले. आणि आता बरे वाटेल अशी आशा दिली. सुई टोचायची नेमकी जागा यातून वजा करा, शिल्लक जवळजवळ तेवढीच राहते!

आणि इथेच माझे डोके फिरते. हा अर्धा तास मिळतो कोणाला? मला मिळतो. वकिलाला मिळतो, प्राध्यापकाला मिळतो. म्हणजे ज्यांच्या पाठीला मागे टेकायला खुर्ची आहे त्यांना. खऱ्या दुखणाऱ्या पाठी पाहायच्या असतील तर रोवणीच्या दिवसांत सिंदेवाही, नागभीड, आरमोरीकडच्या बांध्यांत पाहाव्यात. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, पाय चिखलात, कंबरेत काटकोन, आणि तसेच वाकून मागे मागे सरकत सकाळपासून संध्याकाळपर्यंत रोवायचे. उन्हाळ्यात मोहफुले; ती तर देवाने थेट जमिनीवरच टाकलेली. मग तेंदूची बुटकी झुडपे. वाकून एकेक पान तोडायचे, सत्तर पाने झाली की एक पुडा. डॉ. अभय आणि राणी बंगांच्या 'सर्च'ने मुंबईचे मणक्यांचे डॉक्टर शेखर भोजराज यांना बरोबर घेऊन गडचिरोलीच्या खेड्यांत या दुखण्याची चौकशी केली, ती २०२१ साली छापून आली. ज्यांची पाठ किंवा हातपाय दुखत नाहीत असेच लोक कमी निघाले. विचारले म्हणून कळले!

आमच्या काउंटरवर मजुरीचे पैसे काढायला एक मावशी येतात. एक हात कंबरेवर, एक हात काउंटरवर. आमचे हेडकॅशियर कट्टर भक्त. ते म्हणाले, "मावशी, सुया घ्या. दहा दिवस यायचं फक्त."

"दहा दिस मी इथं येईन, तं माह्या बांधीत रोवना कोन करन बाप्पा? तू येतं का?"

हेडकॅशियरांनी नोटा पुन्हा एकदा मोजल्या.

चीनने सुई गावोगाव नेली, कारण ती स्वस्त होती, डॉक्टर थोडे होते आणि खेडी उदंड. १९६८ पासून त्यांनी 'अनवाणी डॉक्टर' उभे केले. गावातलाच माणूस, थोडे शिक्षण, खांद्याला पेटी, पेटीत चार औषधे आणि सुया. आम्ही त्यातले काय उचलले? पाच हजार वर्षे उचलली, भिंतीवरचा ड्रॅगन उचलला, आणि अनवाणी डॉक्टर तेवढा तिथेच ठेवून आलो. आमची सुई जिल्ह्याच्या गावी, मुख्य रस्त्यावर, वातानुकूलित खोलीत. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि रोवणी नेमकी त्याच दिवसांत. आमच्या जिल्ह्यात पाठ आणि रस्ता एकाच महिन्यात मोडतात.

महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा केला, टोचणाऱ्यांची नोंदणी आली, हे चांगलेच झाले. टोचून घेणाऱ्याने ती नोंदणी जरूर विचारावी आणि सुई आपल्या डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून काढायला लावावी. पण कोणी टोचायचे एवढेच त्याने ठरले. कोणाला टोचून मिळणार, ते कोण ठरवणार?

भक्तांनी आणि वैऱ्यांनी भांडण चार दिवस बाजूला ठेवून एवढे करावे. प्रत्येक उपकेंद्रात आठवड्यातला एक दिवस पाठीसाठी ठेवावा. एक खाट टाकावी, माणशी अर्धा तास द्यावा. सुई येत असेल तर टोचावी, नसेल तर शेकावे, दोन व्यायाम शिकवावेत. पण विचारावे, 'इथे का? की जरा खाली?' आणि बायकांच्या गटांना रोवणीचे यंत्र घ्यायला कर्ज द्यावे, म्हणजे वाकणेच कमी होईल. कर्जाचे काम आमच्याकडे. फॉर्म तयार आहे. तो चांगला लांबलचक आहे, आणि आमच्या काउंटरची उंची अशी आहे की तो वाकूनच भरावा लागतो.