खेळाडूचे ‘कुटुंब’

परवा सोलापुरात पार्क मैदानाबाहेर काही सुशिक्षित गृहस्थांचा वाद आमच्या कानी पडला. “बायकामुले बरोबर नेली, की दौऱ्याचे वाटोळे झालेच म्हणून समजा,” असे एक वकील निर्वाणीच्या सुरात सांगत होते आणि बाकीचे माना डोलावीत होते. हे मत रस्त्यापुरतेच राहिले असते तर आम्ही लेखणी उचललीच नसती. परंतु जानेवारी २०२५ मध्ये खुद्द क्रिकेट नियामक मंडळाने त्यावर मोहोर उठविली. ४५ दिवसांहून लांबच्या परदेश दौऱ्यात पत्नी व मुले यांनी फार तर दोन आठवडे सोबत राहावे, असा नियम झाला. ऑस्ट्रेलियातील मालिका नुकतीच आपण ३-१ अशी गमावली होती. पराभवाचे खापर फोडावयास कोणाचे तरी डोके हवेच होते.

त्याच मोसमात न्यूझीलंडने आपल्याला बंगळूर, पुणे व मुंबई येथील तिन्ही कसोट्यांत धूळ चारली. तेथे तर कोणी कोणास परदेशी नेले नव्हते!

मौज अशी, की जी मालिका आपण हरलो, तिच्या करंडकावर ज्यांचे नाव आहे त्या सुनील गावसकरांचा पुत्र रोहन २० फेब्रुवारी १९७६ रोजी जन्मला, तेव्हा पिता न्यूझीलंड व वेस्ट इंडीज यांच्या सलग दौऱ्यावर होते. मुलाचे मुख पाहण्यापूर्वीच त्यांनी एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे १०२ धावा काढल्या आणि भारताने चौथ्या डावात ४०६ धावा करून सामना जिंकला. “पाहा, विरह फळला!” असे आमचे वकीलसाहेब म्हणतील. मग लगेच पुढच्या कसोटीत, किंग्स्टन येथे, त्याच संघाचा दुसरा डाव ९७ धावांवर संपला आणि पाच गडी जायबंदी झाल्यामुळे फलंदाजीस उतरलेच नाहीत, ते कोणाच्या सहवासामुळे? आम्ही वकीलसाहेबांस विचारले, की मोठा खटला चालू असला म्हणजे आपण पत्नीस माहेरी धाडता काय? ते म्हणाले, “छे! मग माझे पाहील कोण?”

आमच्या वडिलांच्या पिढीत पत्नीलाच ‘कुटुंब’ म्हणत. मंडळाच्या नियमातही तो शब्द बहुधा त्याच अर्थाने वावरत असावा.

तथापि निंदेपेक्षा आम्हांस स्तुतीचे अधिक भय वाटते. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना सचिन तेंडुलकर यांनी पत्नीचा कृतज्ञतेने उल्लेख केला. अंजलीबाई बालरोगतज्ज्ञ, संसार वाढविण्याचे ठरले तेव्हा आपला व्यवसाय मागे ठेवून त्यांनी घर सांभाळले. त्यांचा तो निर्णय त्यांचा होता, आणि पतीने तो चारचौघांत मान्य केला हे थोरपणाचे झाले. आमचे भांडण आहे ते आपल्याशी. आपण घरोघरी डोळे पुसले, ‘त्याग’ हा शब्द उच्चारला आणि हिशेब मिटला असे मानले. चोवीस वर्षे देशोदेशी चाललेल्या त्या खेळास एका डॉक्टरचे आयुष्य लागले, हे जमाखर्चात कोठेच मांडले नाही. एखाद्या स्त्री-खेळाडूच्या पतीने दवाखान्याला कुलूप लावले असते, तर हेच डोळे पाणावले असते, की भुवया उंचावल्या असत्या?

आमचे म्हणणे इतकेच, की पत्नीची सोबत ही मंडळाने मेहेरबानी म्हणून देण्याची वस्तू नव्हे. वर्षातून कित्येक महिने ज्यास घराबाहेर ठेवावयाचे, त्याच्या करारातच घरच्या माणसांची, त्यांच्या प्रवासाची व मुलांच्या शिक्षणाची तरतूद असली पाहिजे. आणि ही तरतूद केवळ क्रिकेटवाल्यांपुरती नसावी. श्रीमंत फलंदाज आपल्या पैशाने विमानाची तिकिटे काढू शकतो. आमच्या जिल्ह्यातील मल्ल महिनोन्‌महिने तालमीत राहतो, त्याची पत्नी रानातले काम व सासूचे दुखणे दोन्ही पाहते. तिच्याकरिता दोन आठवड्यांचा सोडा, एका दिवसाचाही नियम करण्याची गरज कोणास भासलेली नाही.