मीठ चवीनुसार नको!

गेल्या शुक्रवारी रात्री अकरा वाजता मी किचनच्या ओट्यावर वजनकाट्यात पांढरी पावडर मोजत होते. रूममेटने झोपेतच विचारलं, 'केक?' म्हटलं, 'नाही गं, समुद्र.'

त्याचं झालं असं. माझ्या टेबलावरच्या टँकमध्ये चार आमानो कोळंब्या आहेत. (खायच्या नाहीत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं.) जपानचे दिवंगत अ‍ॅक्वेरियम-गुरू ताकाशी आमानो यांनी टँकमधलं शेवाळ खायला ही कोळंबी ठेवायला सुरुवात केली, म्हणून हे नाव. मोठी कोळंबी राहते गोड्या पाण्यात, पण बच्चेकंपनीचं गणित उलटं. नदीत जन्मायचं, प्रवाहाबरोबर समुद्रात जायचं, तिथे वाढायचं आणि अंगाला कोळंबीचा आकार आला की पुन्हा नदी चढून यायचं. टँकमध्ये वाहत जायला समुद्र कुठून आणणार? त्यामुळे गोड्या पाण्यात राहिलेली पिल्लं काही दिवसांत मरतात. सगळीच्या सगळी.

माझ्या एका मादीच्या पोटाखाली अंडी दिसली, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते. महिनाभराने पिल्लं आली. हलत्या स्वल्पविरामांइतकी! टॉर्च धरला की उजेडाकडे धावतात, तिथूनच ड्रॉपरने उचलायची आणि खाऱ्या पाण्याच्या बरणीत सोडायची. मी सोडली. बरणीत होतं आमटीत घालतो ते मीठ, अंदाजाने. दोन दिवसांत खेळ खलास. जेवणातलं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड, तर समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असा सगळा गोतावळा असतो. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळणारं मरीन सॉल्टच हवं.

दुसऱ्या वेळी मरीन सॉल्ट आणलं. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, मी ३० धरले. तीन लिटरच्या बरणीला ९० ग्रॅम. पिल्लं टिकली, स्पिरुलिनाची पावडर खाऊ लागली. मग मे महिना, फुल स्पीडवर पंखा, आणि पाणी रोज खाली. मी शहाणीने तेच खारं पाणी वरून भरलं. इथे मेख आहे मंडळी! हवेत उडतं ते फक्त पाणी, मीठ बरणीतच राहतं. ३०० मिली उडालं आणि तेवढंच खारं पाणी भरलं, तर ९ ग्रॅम मीठ जास्तीचं. असं तीन वेळा केलं की ९० चे ११७ ग्रॅम, म्हणजे लिटरला ३९. समुद्रापेक्षा खारट! दोनशे लिटरच्या टँकमध्ये एवढं पाणी उडालेलं कळलंही नसतं, पण तीन लिटरमध्ये चूक लपत नाही. बाराव्या दिवशी तळाशी पांढरा थर दिसला. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले आणि कारण खोटं सांगितलं.

शिवाय माझा स्वस्तातला हायड्रोमीटरही लबाड निघाला. त्याच्या प्लॅस्टिकच्या काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दाखवतो. टिचकी मारून बुडबुडे घालवायचे, मगच वाचायचं. परवडत असेल तर सरळ रिफ्रॅक्टोमीटर घ्या. पाण्याचे दोन थेंब पुरतात. तोही अधूनमधून तपासून घ्यावा लागतो, पण एका पिझ्झा पार्टीच्या खर्चापेक्षा त्यातून जास्त समाधान मिळतं. (हे माझं मत. रूममेटचं वेगळं आहे.)

शुक्रवारी मोजत होते ती तिसऱ्या बॅचची तयारी. मीठ आरओच्या पाण्यात विरघळवलं, एअरपंप लावून रात्रभर फिरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी मोजलं. घाईत मोजलं तर आकडा चुकतो. बरणीवर पाण्याच्या पातळीला टेपची पट्टी लावली आहे. पाणी त्याखाली गेलं की साधं आरओचं पाणी, बस्स. पिल्लांना कोळंबीचा आकार यायला महिना-दीड महिना लागू शकतो, त्यानंतर त्यांना पुन्हा गोड्या पाण्यात आणायचं. तिथवर पोचलो तर तो वेगळा लेख होईल.

आज नववा दिवस. पिल्लं अजून पोहतायत. आणि शनिवार-रविवार मला चुलतबहिणीच्या लग्नाला नाशिकला जायचंय. रूममेटला तीनदा बजावलंय, 'पट्टीपर्यंत. साधं पाणी. मीठ अजिबात नाही.'

'चवीपुरतंही नाही?' तिने विचारलं.

मी नाशिकहून दर चार तासांनी फोन करणार आहे.