विश्लेषण : कुणी पाठलाग करतंय, अशी शंका आली तर...?

ऑगस्ट २०१७ मधील चंडीगडची घटना अनेकांना आठवत असेल. मध्यरात्रीच्या सुमारास एक तरुणी एकटीच मोटार चालवत घरी निघाली होती. मागची मोटार आपल्याच मागे येते आहे, हे तिच्या लक्षात आले. तिने गाडी थांबवली नाही, दारे आतून बंद ठेवली, वर्दळीचा रस्ता सोडला नाही आणि तेव्हाच्या १०० क्रमांकावर फोन करून आपण कुठे आहोत ते पोलिसांना सांगितले. मागच्यांनी गाडी आडवी घातली, एकाने तिच्या मोटारीचे दार उघडण्याचाही प्रयत्न केला. पण तोवर पोलीस पोहोचले आणि दोघे जागीच सापडले. त्यानंतर एका राजकीय नेत्याने प्रश्न विचारला तो मात्र, ‘ती इतक्या रात्री बाहेर कशाला होती?’ हा!

पाठलागाच्या प्रकरणांत वेळ वाया जातो तो या प्रश्नाच्या धाकापायी. लोक काय म्हणतील, आपलीच शंका खोटी निघाली तर हसे होईल, या विचारात माणूस गप्प चालत राहतो.

शंका पुरेशी का मानावी?

मागे कुणी असल्याचे जाणवले की बहुतेक जण आधी स्वतःचीच समजूत घालतात. त्यालाही याच बाजूला जायचे असेल, उगाच कशाला संशय घ्या. पण खात्री पटेपर्यंत काही करायचे नाही असे ठरवले, तर खात्री पटते तेव्हा मधले अंतर संपलेले असते. शंका खोटी ठरली तर दहा मिनिटे जातात आणि थोडे अवघडल्यासारखे होते, इतकेच. खरी ठरली तर तीच दहा मिनिटे हाताशी असतात. शिवाय शंका आली म्हणून कुणावर आरोप करायचा नसतो. फक्त स्वतःची वाट बदलायची असते.

पडताळणी वर्दळीच्या ठिकाणीच करावी. रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालावे, वेग कमी-जास्त करावा, एखाद्या दुकानात शिरून चार-पाच मिनिटे काढावीत. तोच माणूस पुन्हा बाहेर उभा दिसला तर योगायोगाचा भाग संपला. वाहनात असाल तर ओळीने चार डावी वळणे घ्यावीत. माणूस फिरून मूळ रस्त्यावर येतो. कामाला निघालेला कुणीही अशी प्रदक्षिणा घालत नाही. मात्र ही वळणे मोठ्या, उजेडाच्या रस्त्यांवरची असावीत. खात्री करायला म्हणून अंधाऱ्या गल्लीत शिरणे हा शुद्ध आततायीपणा. कानातले इअरफोन आधी काढावेत. मागे वळून एकदा नीट पाहावे. कपडे, उंची, गाडीचा रंग, नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे लक्षात ठेवावेत. आपल्याला कुणी पाहिले आहे, हे कळले की काही जण तिथूनच मागे फिरतात.

घर गाठायची घाई का नको?

सर्वांत मोठी चूक इथे होते. भीती वाटली की पाय आपोआप घराकडे वळतात. पण घर म्हणजे बहुधा सर्वांत शांत गल्ली, बंद पडलेला दिवा, किल्ली शोधायला लागणारा वेळ आणि अरुंद जिना. त्याहून वाईट म्हणजे, मागे येणाऱ्याला पत्ता आयता मिळतो. आजचा प्रसंग टळला तरी उद्या तो त्याच कोपऱ्यावर उभा राहू शकतो.

म्हणून घराऐवजी माणसांकडे जावे. रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे औषधाचे दुकान, पेट्रोल पंप, रुग्णालयाचा अपघात विभाग, एसटी स्थानकातील वाहतूक नियंत्रकाची खिडकी, उपाहारगृहाचा गल्ला, पोलीस चौकी, यांपैकी जे जवळ असेल ते. एटीएमची खोली मात्र टाळावी. उजेड असतो, कॅमेरा असतो, त्यामुळे ती सुरक्षित वाटते. पण तिला दार एकच असते आणि सुरक्षारक्षक असेलच असे नाही. सोसायटीच्या फाटकापर्यंत पोहोचलाच असाल तर वॉचमनच्या केबिनपाशी थांबावे आणि घरच्यांना खाली बोलवावे. लिफ्टमध्ये पाठोपाठ अनोळखी माणूस शिरला तर सरळ बाहेर यावे. यात सभ्यतेचा प्रश्न येत नाही.

लोकलच्या प्रवासात गर्दी ओसरलेल्या डब्यात एकटे उरण्यापेक्षा पुढच्या स्थानकावर डबा बदललेला बरा. रेल्वेसाठी १३९ हा मदत क्रमांक आहे. फलाटावर उतरल्यावर मोकळ्या टोकाकडचा जिना घेऊ नये, गर्दीचा पूल घ्यावा.

गर्दीकडून मदत कशी मिळवायची?

‘वाचवा’ असे मोघम ओरडले की प्रत्येकाला वाटते, दुसरा कुणी जाईल. त्यापेक्षा एका माणसाकडे बोट करून त्याला नेमके काम सांगावे : ‘काका, निळा शर्टवाले, हा माणूस माझ्या मागे येतोय, ११२ ला फोन लावा.’ ज्याला थेट सांगितले जाते, त्याला मान फिरवणे अवघड जाते. पुण्यात २७ जून २०२३ रोजी सदाशिव पेठेत भर दिवसा एक तरुण हातात कोयता घेऊन एका तरुणीच्या मागे धावला, तेव्हा रस्त्यावर माणसे कमी नव्हती. पण स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण पुढे झाले, कोयता धरला गेला आणि ती वाचली. बघे पुष्कळ असतात, हलणारा एक लागतो. दुकानदारांनीही हे ध्यानात घ्यायला हवे. घाबरून आत आलेल्या व्यक्तीला ‘काय पाहिजे?’ असे विचारण्याऐवजी खुर्ची द्यावी आणि शटरकडे नजर ठेवावी, एवढे तरी अपेक्षित आहे.

फोनचा उपयोग आणि मर्यादा

११२ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक आहे. फोन लागताच नाव आणि तक्रार सांगत बसण्याऐवजी आधी ठिकाण सांगावे, कारण कॉल मध्येच तुटला तरी तेवढी माहिती पोहोचलेली असते. ठिकाण म्हणजे दुकानाची पाटी, बसथांब्याचे नाव, विजेच्या खांबावरचा क्रमांक, महामार्गावर किलोमीटरचा दगड. मुंबईत महिला, मुले आणि ज्येष्ठांसाठी १०३, तर महिलांसाठी १०९१ आणि १८१ हे क्रमांकही आहेत. पण घाबरलेल्या क्षणी चार क्रमांक आठवत नाहीत, ११२ एवढा एकच पाठ ठेवावा. पॉवरचे बटण ठरावीक वेळा दाबले की आपत्कालीन कॉल जाण्याची सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. आपल्या फोनमध्ये ते किती वेळा दाबायचे आणि कॉल कुणाला जातो, हे सेटिंग्जमध्ये जाऊन आजच पाहून ठेवावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लाइव्ह लोकेशन’ १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तासांसाठी पाठवता येते. नुसते पाठवून भागत नाही. मिळालेल्या माणसाने त्याचे काय करायचे, हे आधी ठरलेले असावे : किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, कुणाला कळवायचे. नाहीतर नकाशावरचा ठिपका पाहणारा झोपी जातो. आणि फोनवर मोठ्याने बोलत चालणे ठीक, पण स्क्रीनमध्ये डोके घालून नव्हे.

मिरचीचा स्प्रे पर्समध्ये असावा की नसावा, यावर घरोघरी वाद होतात. असला तरी तो निसटून पळण्यापुरता. थांबून लढण्यासाठी नव्हे. वाऱ्याची दिशा उलटी असली तर तो वापरणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो.

पाठलाग फक्त स्त्रियांचा होत नाही, हेही सांगायला हवे. बँकेतून मोठी रक्कम काढून निघालेले ज्येष्ठ नागरिक हे चोरट्यांचे नेहमीचे लक्ष्य. अशा वेळी पैसे काउंटरवरच आत ठेवून, शक्यतो सोबत कुणी घेऊनच बाहेर पडावे. वाटेत ‘तुमच्या नोटा पडल्या’, ‘कपड्यावर घाण पडली’ असे कुणी सांगू लागले तर खाली न वाकता पुढे चालत राहावे.

ओळखीचाच माणूस असेल तर?

मागे येणारा नेहमी अनोळखी नसतो. नकार पचवू न शकलेला परिचित, जुना जोडीदार, कामाच्या ठिकाणचा कुणी असला तर त्याला घर, वेळा, रस्ते आधीच ठाऊक असतात. इथे पावलांपेक्षा फोन जास्त बोलतो. गूगल मॅप्सवरील लोकेशन कधीकाळी त्याला दिलेले असते आणि ते चालूच राहते. पासवर्ड त्याला माहीत असतो. ही दारे बंद करावीत. बॅगेत किंवा दुचाकीच्या सीटखाली लपवता येणारे छोटे ट्रॅकरही आता बाजारात मिळतात. अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याचा इशारा आयफोन तसेच अँड्रॉइड फोनवर येऊ शकतो. तो दुर्लक्षू नये. वस्तू सापडली तर फेकून न देता तिचा फोटो काढून पोलिसांकडे द्यावी, कारण तीच पुरावा असते.

कायदा काय सांगतो?

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड आले आणि पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने स्पष्ट नाराजी दाखवूनही पुरुषाने तिचा वारंवार पाठलाग करणे, संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे, तिच्या इंटरनेट वा ई-मेलच्या वापरावर पाळत ठेवणे यात येते. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे सकाळी पकडलेला माणूस संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर परतू शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवणारा हा आधीपासून तिच्या मागे लागलेलाच माणूस होता. सुरुवातीच्या पाठलागाला ‘किरकोळ’ म्हणणारी यंत्रणा असल्या घटनांकडे बघून तरी शहाणी व्हायला हवी.

‘वारंवार’ हा शब्द महत्त्वाचा असल्याने नोंदी ठेवाव्या लागतात : तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर, मेसेजचे स्क्रीनशॉट, दुकानाच्या सीसीटीव्हीची जागा. हे चित्रीकरण ठरावीक दिवसांनी पुसले जाते, त्यामुळे ते जपून ठेवायला लवकर सांगावे. ‘माझ्याशी संपर्क करू नकोस’ हा नकारही एकदा लेखी पाठवून जपून ठेवावा. त्यानंतर वाद घालत बसू नये. प्रत्येक उत्तर त्याला नवे निमित्त देते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर चालत नाही. या कलमाखालची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. अनेक ठाण्यांत ‘एनसी करून ठेवू’ असे सांगून बोळवण केली जाते. एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कलम ७८ चा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एफआयआर मागावा आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नये. ती विनामूल्य मिळते.