विजयदुर्गाचा हेलियम : एका दंतकथेची तपासणी

विज्ञानातील चमत्कारिक गोष्टी गोळा करणे हा निरुपद्रवी छंद समजला जातो. प्रश्नमंजूषेत, शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात, दिनदर्शिकेच्या पाठीमागे अशी माहिती ओळी-दोन ओळींत दिलेली असते. वाचणारा क्षणभर हसतो, नवल करतो आणि ती दुसऱ्यास सांगतो. पाठ्यपुस्तकातील धडा पुढे विसरला जातो. ही ओळ मात्र जन्मभर स्मरणात राहते. म्हणूनच ती खरी आहे की नाही हे पाहणे अगत्याचे आहे, आणि नेमके तेवढेच सहसा कोणी पाहत नाही.

याचे ठळक उदाहरण कोकणात सापडते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर काही चौथरे आहेत. लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण रोवून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि तेथेच हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला, अशी कथा सांगितली जाते. त्या तारखेस किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. या कथेतील तारीख खरी आहे, ग्रहण खरे आहे, शास्त्रज्ञही खरा आहे. पण त्या दिवशी तो शास्त्रज्ञ त्या किल्ल्यावर नव्हता.

ही कथा कोकणापुरती राहिलेली नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत आणि मराठी दिनदर्शिका त्यांच्याही भिंतींवर लागतात. रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूर रस्त्यावर भनपुरी ही कारखान्यांची वस्ती आहे. तेथून विजयदुर्ग सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर दूर. भनपुरीच्या एखाद्या विद्यार्थ्याने ही कथा वाचली, तर तो काही ओटे पाहण्यास किल्ल्यावर जाणार नाही. परंतु पहिली शंका घेण्यास त्याला घरची दिनदर्शिका पुरे आहे. ऑगस्टचा मध्य म्हणजे कोकणात ऐन पावसाळा. इंग्लंडहून इतक्या दूर येणारा ज्योतिर्विद, ग्रहणाची छाया देशाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणार असताना, पावसाने झोडपलेला पश्चिम किनारा का निवडील? ही शंका म्हणजे पुरावा नव्हे; पण पुराव्याचा शोध अशाच शंकेने सुरू होतो.

पुरावा असा. १८६८ साली लॉकियर लंडनमध्ये युद्धखात्याच्या कचेरीत कारकून होते. आकाशाचे वेध घेणे हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. ग्रहणाच्या दिवशी ते इंग्लंडातच होते. मागविलेला नवा वर्णपटदर्शक त्यांच्या हाती पडला तो ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे ग्रहण होऊन दोन महिने लोटल्यावर. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी तो सूर्याच्या कडेवर रोखला आणि कोणतेही ग्रहण नसताना सौरज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या.

मग ऑगस्टमधील ग्रहण भारतात कोणी पाहिले? गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर जान्सेन होते. वनपर्ती येथे मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी होते. आणि मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे ठिकाण म्हणजे जमखंडी. पटवर्धनांच्या या संस्थानात, जे गाव आज कर्नाटकात आहे, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी आपला तळ ठोकला होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा. मध्येमध्ये ढग येत असतानाही हर्शेल यांना सौरज्वालेच्या वर्णपटात तीन तेजस्वी रेषा दिसल्या : एक तांबडी, एक नारिंगी आणि एक निळी. ज्वाला वायुरूप आहेत हे त्यावरून सिद्ध झाले.

यातील नारिंगी-पिवळी रेषा हीच हेलियमची. हर्शेल यांनी मात्र ती सोडियमची समजली. आपल्या उपकरणाला जितका भेद कळू शकतो त्या मर्यादेत ती सोडियमच्या रेषेशी एकरूप आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. यात त्यांना दोष देता येत नाही. ज्योतीत मिठाची चिमूट टाकली की जो पिवळा प्रकाश फाकतो तो सोडियमचा. त्याच्या दोन जवळजवळच्या रेषांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर भरते. हेलियमची रेषा ५८७.६ वर आहे. दीड नॅनोमीटरहूनही कमी असा हा फरक ग्रहणाच्या पाच-साडेपाच मिनिटांच्या घाईत आणि ढगांच्या लपंडावात ओळखणे जवळजवळ अशक्य होते. लॉकियर यांना ते साधले, कारण त्यांच्यापाशी घाई नव्हती. ग्रहणाची वाट न पाहता दररोज सूर्याकडे पाहण्याची युक्ती त्यांच्या हाती आली होती, आणि वारंवार पाहून त्यांनी ठरविले की ही रेषा सोडियमची नव्हे.

हीच युक्ती जान्सेन यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती. ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या स्वच्छ सूर्यावर त्यांनी ती वापरून पाहिली. त्यांचे पत्र भारतातून पॅरिसला पोचण्यास आठवडे लागले आणि २६ ऑक्टोबर रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीत दोघांची पत्रे पुढे आली. योगायोग असावा तर असा! पुढे फ्रान्सने दोघांची मुखचित्रे असलेले पदक पाडले. ते पदक हेलियमच्या शोधासाठी मिळाले असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. वस्तुतः गौरव झाला तो ग्रहणाविना ज्वाला पाहण्याच्या पद्धतीचा.

‘हेलियम’ हे नाव १८७१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखल्या गेलेल्या विल्यम थॉमसन यांच्या तोंडून जाहीरपणे उच्चारले गेले. ग्रीक भाषेत सूर्याला ‘हेलिऑस’ म्हणतात. शेवटचे ‘इयम’ हे सोडियम, कॅल्शियम या धातूंच्या चालीवरचे. हा एक उदासीन वायू आहे हे तेव्हा ठाऊक असते तर निऑन आणि आर्गॉन यांच्या पंक्तीत तो ‘हेलिऑन’ म्हणून बसला असता. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांचा तर या मूलद्रव्यावर विश्वासच नव्हता. अखेर मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा आढळली आणि सूर्यावरचे द्रव्य पृथ्वीवर सापडले. पहिल्या निरीक्षणापासून तोवर सत्तावीस वर्षे लोटली होती. (हेच रॅम्से १९०० साली भारतात आले आणि जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी त्यांनी बंगलोरची शिफारस केली. प्रश्नमंजूषेला हवीच असेल तर ही गोष्ट घ्यावी. ती खरी आहे.)

आता साहेबाच्या ओट्यांकडे वळू. लॉकियर विजयदुर्गास कधीच आले नाहीत काय? आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर ते ‘सर’ झाले होते आणि सूर्याच्या अभ्यासातील अधिकारी पुरुष म्हणून त्यांची ख्याती होती. ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी निरीक्षणाची तालीम दिली आणि अनेक उपकरणे मांडून वेध घेतले. जानेवारीतले कोकणचे निरभ्र आकाश, बरोबर नौदलाची माणसे, अवजड साधनसामग्री : ओटे बांधले जाण्यास हा प्रसंग १८६८ पेक्षा कितीतरी अधिक जुळतो. हेलियम मात्र तेव्हा तीन वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेत हाती आलेला होता.

दोन प्रसंगांची सरमिसळ का झाली असावी, याचे उत्तर खरोखरच चमत्कारिक आहे. पृथ्वीवरच्या एखाद्या ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरीने पावणेचारशे वर्षांतून एकदा येते. विजयदुर्गावर ते तीस वर्षांत दोनदा आले. १८६८ ची छाया तेथून जवळजवळ सरळ पूर्वेस, जमखंडीवरून गुंटूरकडे गेली. १८९८ ची ईशान्येस, सोलापूर जिल्हा आणि विदर्भ ओलांडून बक्सरकडे. भनपुरीच्या विद्यार्थ्याने नकाशावर या दोन रेषा आखाव्यात. दोहोंचा छेद विजयदुर्गाच्या परिसरात पडतो, आणि आपले गाव दुसऱ्या रेषेच्या बाहेर राहिल्याने तेथे ग्रहण खंडग्रासच दिसले असले पाहिजे, हेही त्याला कळून येईल. दंतकथेत यातले काहीच नाही; ती या विरळ योगाचा बळी देऊन त्याच्या जागी एक सामान्य चूक ठेवते.

यावर कोणी म्हणेल, गावाला अभिमान वाटतो, मुलांना विज्ञानाची गोडी लागते, मग बिघडले कोठे? बिघडते ते असे, की शोध म्हणजे एका मोठ्या माणसाने एका ओट्यावर एका सकाळी केलेली गोष्ट, असा समज मुलाच्या मनात रुजतो. हर्शेल यांची चूक, लॉकियर यांची चिकाटी, रसायनशास्त्रज्ञांचा अविश्वास, सत्तावीस वर्षांची प्रतीक्षा हे सारे त्या ओळीतून गळून जाते. आणि विज्ञान शिकावयाचे असते ते याच गोष्टींतून. शिवाय न तपासलेली माहिती क्वचित अंगाशीही येते. जत्रेतला तरंगणारा फुगा हेलियमचा असतो, असे मुलांना सरसकट सांगितले जाते. आपल्याकडे स्वस्त म्हणून त्यात पुष्कळदा हायड्रोजन भरलेला असतो. हेलियम पेटत नाही; हायड्रोजन ठिणगीसरशी भडकतो.

शाळांनी हेलियम दिन पाळू नये असे कोणी म्हणणार नाही. विजयदुर्गावर तो जरूर पाळावा, मात्र त्या दिवशी गुंटूर आणि जमखंडी यांची नावे घ्यावीत, आणि किल्ल्याचा स्वतःचा सोहळा २२ जानेवारीस करावा. त्या दिवशी आणखी एका गावाची आठवण व्हावयास हवी. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी त्याच ग्रहणाचे वेध घेतले. अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडीही त्याच गावी आली होती. नायगमवाला यांचा अहवाल १९०२ साली छापला गेला. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडईकनालला गेली. पुढील प्रश्नमंजूषा तयार करणाऱ्याने एक प्रश्न जेऊरचा घालावा.