पडद्यावरच्या भुताला बंदी, आमिलला नजराणा

जुन्या नाशकात घरं भिंतीला भिंत लावून आहेत. एकीच्या घरातला आवाज दुसरीच्या घरात जातोच. माझी भाची लॅपटॉपवर 'नॅन्सी ड्रू' मालिकेतला 'मेसेज इन अ हॉन्टेड मॅन्शन' हा खेळ खेळते. त्यातल्या भयाण संगीताने शेजारच्या खाला वैतागल्या. माझ्या बहिणीला म्हणाल्या, "बेटा, मगरिबनंतर तरी बंद कर ते. पोरीला असर होईल."

मी वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. मोबाईल आणि खेळ म्हटलं की आधी जप्त करायचा, मग विचारायचं, ही माझीही सवय. पण या वेळी दोन रात्री भाचीशेजारी बसले.

खेळ २००० सालचा आहे. बंदूक नाही, पळापळ नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जुन्या हवेलीची दुरुस्ती चालू आहे, तिथे अपघात होतात, लोक म्हणतात भूत आहे. खेळणाऱ्या मुलीने खोलीतल्या वस्तूंवर क्लिक करायचं, कपाटं उघडायची, जुनी पत्रं वाचायची, घरातल्या माणसांना प्रश्न विचारायचे. कोण खोटं बोलतंय ते ताडायचं. एका बैठकीत मृतात्मा बोलावतात, भूत दिसतंही. पुढे त्या तमाशामागची लपवलेली यंत्रणा सापडते, आणि अपघात घडवणारा निघतो दडवलेल्या धनाच्या मागावरचा माणूस. सगळं इंग्रजीत. माझी भाची शब्दकोश घेऊन बसते, जे माझ्या तासाला कधी करत नाही. (असा खेळ उर्दूत किंवा मराठीत असता तर माझं निम्मं काम झालं असतं.)

आम्हाला हे नवीन का वाटावं? इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली. इमरान मालिकेची पहिली कादंबरी १९५५ची, नावच 'खौफनाक इमारत'. अब्बा ती पुस्तकं गादीखाली लपवून वाचायचे, कारण दादांच्या मते ती पोरांना बिघडवणारी होती. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांनाही प्रतिष्ठितांनी नाक मुरडलंच. अब्बांचं उर्दू मात्र त्या गादीखालच्या पुस्तकांनीच घडवलं.

रात्र रात्र गोळीबाराचे खेळ खेळणाऱ्या पोरांची मी वकिली करत नाही. माझा राग वेगळाच आहे.

माझ्या वर्गात आठवीतली एक मुलगी आहे. तिला झटके येतात, दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो. पाहणाऱ्या कुणालाही मिरगीची शंका यावी. घरच्यांनी तिला एका आमिलकडे नेलं. त्याने जिन्न सांगितला. तावीज, फुंकलेलं पाणी, दर गुरुवारी नजराणा. चार महिन्यांत डॉक्टर नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची रांग. आणि हा आमिल सुचवला कुणी? मगरिबनंतर लॅपटॉप बंद करायला सांगणाऱ्या आमच्या खालांनीच.

कुणी म्हणेल, मिस, तुम्ही जिन्न मानत नाही का? मानते. कुरआनात 'अल-जिन्न' ही ७२वी सूरह आहे. पण प्रत्येक आजार जिन्नाचा, आणि त्याला काढायचा दर या माणसाने ठरवायचा, हे कुठल्या सूरहमध्ये आहे? गैबच्या गोष्टी सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, अशी सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. इलाज करा, हीसुद्धा रसूलुल्लाहंचीच ﷺ शिकवण. दुआ करा, त्याला कोण अडवतं? राज्याचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही दुआला हात लावत नाही. तो भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला, साखळीने बांधणाऱ्याला पकडतो. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. आपल्यातले काही अजून समजतात की तो कायदा फक्त हिंदू बाबांसाठी आहे.

भाचीने खेळात दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, "खाला, भुतामुळे फायदा कुणाचा होतोय?" हा प्रश्न त्या मुलीच्या घरात चार महिन्यांत एकानेही विचारला नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. तिचे अब्बा भला माणूस, रिक्षा चालवतात. म्हणाले, "मिस, अजून तीन गुरुवार राहिलेत. मग नेतो डॉक्टरकडे."

मी म्हटलं, झटका गुरुवार बघून येतो का?

ते काही बोलले नाहीत. पडद्याआडून तिची अम्मी म्हणाली, "मिस, डॉक्टरचा पत्ता लिहून द्या." मी वहीचं पान फाडून लिहून दिला.