ताप सांगावासा वाटला पाहिजे

दारात आशाताई उभी असते. एका हातात नोंदवही, दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर. ‘घरात कुणाला ताप, खोकला?’ उंबऱ्याच्या आतली बाई क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘नाही, सगळे बरे आहेत.’ त्या क्षणभरात तिने केलेला हिशेब साधा असतो. हो म्हटले तर गाडी येणार, गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले जाणार, नवऱ्याची रोजंदारी बुडणार, व्हॉट्सअ‍ॅपवर नाव फिरणार. नाही म्हटले तर निदान आजचा दिवस निभतो. २०२० आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात असे संवाद किती दारांत झाले असतील याची मोजदाद नाही. पुढची साथ कोणत्या जंतूची असेल ते आज सांगता येणार नाही; पण त्या उंबऱ्यावर हाच प्रश्न पुन्हा विचारला जाईल, आणि त्याचे खरे उत्तर मिळाले तरच प्रयोगशाळा, खाटा, औषधे यांचा उपयोग. म्हणून साथीच्या काळातला प्रत्येक आदेश एकाच कसोटीला लावून पाहावा: यामुळे आजारी माणूस पुढे येईल की लपेल?

ही कसोटी काही नवी नाही. तिची किंमत पुण्याने सव्वाशे वर्षांपूर्वी मोजली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि मार्चपासून पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. माजघरात, देवघरात बूट शिरले. संशयितांना उचलून नेले, सामान जाळले. मग लोकांनी जे करायचे तेच केले: रुग्ण माळ्यावर लपवले, मयत गुपचूप उरकले, ज्यांना जमले त्यांनी शहर सोडले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. झडत्यांनी प्लेग मात्र संपला नाही, तो पुण्यात पुढे कित्येक वर्षे येत राहिला, हे फारसे कुणी सांगत नाही. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये रुग्णाला नेण्यावरून दंगल उसळली आणि सरकारला सक्ती सैल करावी लागली.

यातला विरोधाभास असा की प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे झडत्या घेणाऱ्यांना शत्रू कुठून येतो हेच माहीत नव्हते. खेड्यांतल्या माणसांनाही पिसवांचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण ‘उंदीर पडू लागले’ की गाव मोकळे करून रानात झोपड्या टाकायच्या, एवढे त्यांना अनुभवाने कळले होते, आणि तो उपाय बरोबर होता. लोकांना सगळे कळते असे म्हणण्याचा मोह इथे होतो, पण तो आवरावा. मुंबईतून जीव मुठीत धरून पळालेल्यांबरोबरच प्लेग इतर गावांत पोचला, हेही तितकेच खरे. लोकांचे शहाणपण आणि लोकांची भीती एकाच घरात नांदतात. कोणते पुढे येणार, हे त्यांच्याशी कोण आणि कसे वागते यावर ठरते. रँडच्या झडत्यांच्याच मार्च १८९७ मध्ये, पुण्याबाहेर आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. तिथे रुग्ण लपवावा लागत नव्हता.

आता धारावी. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचा प्रदेश, साडेआठ ते दहा लाखांची वस्ती, आणि बहुतेकांसाठी सार्वजनिक शौचालय. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला करोना रुग्ण सापडला, तेव्हा आता इथे काय होईल या विचारानेच मुंबईच्या पोटात गोळा आला होता. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, मग ‘घरात वेगळे राहा’ या सल्ल्याला अर्थ काय? महापालिकेने तो सल्ला देण्याचा हट्ट धरला नाही, हे तिचे पहिले शहाणपण. शाळा, सभागृहे आणि क्रीडा संकुलात विलगीकरणाची सोय केली. वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना पीपीई किट देऊन बरोबर घेतले. आधी घरोघर फिरून तपासणी झाली. पण मुंबईच्या उकाड्यात त्या पोशाखात बोळाबोळांतून फिरणे अशक्य ठरले, तेव्हा वस्तीतच तापाची शिबिरे भरवली. विलगीकरणात जेवण, औषध, डॉक्टर मिळत होते, आणि रमजानच्या दिवसांत रोजा धरणाऱ्यांना खजूर, फळे आणि त्यांच्या वेळेवर जेवण. सरकारी फायलीत ही बाब क्षुल्लक दिसेल. पण ‘तिकडे नेले तर रोजा मोडेल’ या एका धास्तीने किती ताप लपले असते, याचा विचार केला की त्या खजुराची किंमत कळते. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव कौतुकाने घेतले, तेव्हा त्यामागे असल्या बारीकसारीक गोष्टी होत्या.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता कामा नये. जुलै २०२० मध्येच मुंबईतल्या तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला दिसला, इतरत्र सुमारे १६ टक्क्यांना. धारावी त्या तीन विभागांत नव्हती, पण तिथले चित्र फार वेगळे असेल असे मानायला आधार नाही. मग साथ ‘रोखली’ म्हणायचे कशाला, विषाणू आपला पसरून मोकळा झाला असेल, असे कुणी म्हणेल. शक्य आहे. पण संसर्ग थांबवणे हे एकच काम नसते. ज्याचा ऑक्सिजन उतरतो आहे त्याला वेळेत शोधून दवाखान्यात पोचवणे, हेही काम आहे, आणि त्याला रुग्णाने स्वतः पुढे येणे लागते. मेंदी किंवा नखांना रंग असेल तर ऑक्सिमीटर चुकू शकतो, म्हणून दुसरे बोट पाहायचे. सहा मिनिटे चालवून पुन्हा आकडा बघायचा. हे सगळे दार उघडणाऱ्या माणसाच्या बाबतीत होते. दार न उघडणाऱ्याचा आकडा थेट स्मशानातल्या नोंदीत उमटतो.

दुसरा आक्षेप नेहमीचा: आपल्याकडे दंडुक्याशिवाय कुणी ऐकत नाही. यात गल्लत अशी आहे की गर्दी जमवणारा आणि आजारी पडलेला, दोघांना एकाच काठीने हाकले जाते. मंगल कार्यालयात मर्यादेच्या चौपट वऱ्हाड बसवणाऱ्याला दंड जरूर करावा; तो पैशासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. लक्षणे असलेल्या कामगारांना पाळीवर यायला लावणारा मालकही त्यातलाच. पण ताप आलेल्या माणसाने काही गुन्हा केलेला नाही. त्याच्या हातावर शिक्का मारणे, त्याचे नाव फळ्यावर लावणे, त्याच्या घरच्यांना रेशनच्या रांगेत वेगळे उभे करणे, यातून शिस्त लागत नाही, शेजारी मात्र सावध होतो आणि स्वतःचा ताप झाकून ठेवतो. सक्ती कुणावर चालते आणि कुणावर उलटते, एवढा विवेक राहिला तर साथरोग कायद्याचाही योग्य वापर होईल.

आणि समाज म्हणजे काही नेहमीच मायाळू मंडळी नव्हेत. सोसायट्यांनी परिचारिकांना घरी येऊ दिले नाही, गावांनी वेशीवर काटेरी झुडपे टाकली. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांनी किती दिवस विलगीकरणात काढायचे यावरून २०२० च्या उन्हाळ्यापासून ऑगस्टपर्यंत वाद चालला. ज्यांच्या मनिऑर्डरींवर गाव चालले, त्यांच्याकडे गाव संशयाने पाहू लागले. मग स्थानिक समित्यांच्या हाती अधिकार द्यावेत का? द्यावेत, पण जबाबदारीसकट. रस्ता बंद करायचा निर्णय जो घेईल त्यानेच आतल्या घरांत दूध, औषध आणि डायलिसिसच्या रुग्णासाठी गाडी पोचवायची, असा नियम असला की झुडपे टाकायचा उत्साह आपोआप कमी होतो. त्या समितीत फक्त सरपंच, पोलीस पाटील आणि चार वजनदार माणसे नकोत. आशाताई, अंगणवाडी सेविका, शेतमजुरांच्या वस्तीतले कुणी आणि बाहेरून येऊन राहिलेल्या कामगारांतले कुणी हवे. ८ मे २०२० रोजी जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. ते कोणत्याच गावच्या यादीत नव्हते.

ही तयारी साथ आल्यावर होत नाही, आणि ती फार खर्चिकही नाही. विलगीकरणाच्या दिवसांची रोजंदारी द्यायला पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. एका हमालाला दहा दिवस घरी बसवण्याचा खर्च अतिदक्षता विभागातल्या उपचारांच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि तो हमाल बाजार समितीत रोज किती जणांच्या खांद्याला खांदा लावतो ते वेगळेच. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा सेविका आहेत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, त्याच्या आदल्याच वर्षी जूनमध्ये राज्यातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या. ज्या बाईच्या शब्दावर दार उघडते तिला आपण अजून ‘स्वयंसेविका’ म्हणतो आणि मोबदल्याचा काही भाग कामाच्या नगावर देतो.

ग्रामसभेत किंवा प्रभागात एका संध्याकाळी ठरवण्याजोगी ही कामे आहेत. कोणत्या शाळेच्या कोणत्या खोल्या, तिथे बायकांसाठी वेगळे शौचालय आहे का, पाणी कुठून येणार, स्वयंपाक कोणता बचत गट करणार, रुग्णाच्या घरच्या गुरांना वैरण कोण घालणार, नावांची यादी कुणाजवळ राहणार आणि ती कुणाला दाखवायची नाही. अन् खोल्यांची किल्ली कुणाकडे, तेही लिहून ठेवावे. रात्री अकराला ताप चढला तर मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी राहतात.